कालव्याची पाळी आणि संगणकांचे जाळे

माळशिरस तालुक्यातील विद्यार्थ्यांना नीरा उजवा कालवा काही नवा नाही. वीर धरणातून निघालेले पाणी फलटणकडून येते आणि इथल्या उसाला मिळते. धरणाचा दरवाजा उघडला म्हणजे पाणी लगेच शेतात येत नाही. आधी पाट भरावा लागतो. शिवाय ज्याला वाटेल त्याने वाटेल तेव्हा पाणी घ्यायचे नसते. नमुना नंबर ७ भरून मागणी करायची, मग शेजपाळी लागते. दूरदूरचे संगणक जोडून त्यांच्याकडून एकच काम करून घ्यायचे ठरवले, तेव्हा शास्त्रज्ञांपुढेही नेमके हेच दोन प्रश्न उभे राहिले.

अशा जोडणीला ‘ग्रिड’ म्हणतात. शब्द विजेच्या ग्रिडवरून घेतला आहे. वीज कोयनेची की चंद्रपूरची, हे दिवा लावणारा विचारत नाही. त्याचप्रमाणे गणित कोणत्या गावच्या यंत्रावर सुटले, याची चौकशी करावी लागू नये, ही कल्पना. आपल्याकडे पुण्याच्या ‘सी-डॅक’ संस्थेने ‘गरुड’ नावाचे राष्ट्रीय ग्रिड उभारले. पहिल्या, प्रायोगिक टप्प्यात त्यात १७ शहरांतील ४५ संस्था जोडल्या होत्या.

सी-डॅकला एकत्र काम करणाऱ्या संगणकांचा अनुभव होताच. १९८८ साली स्थापन झालेल्या या संस्थेने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार केला. त्यात ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसर होते. शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी प्रत्येकाला चार जोडण्या चिपवरच दिलेल्या होत्या. पुढे ‘परम पद्म’ हा महासंगणक जून २००३ च्या जागतिक यादीत १७१ वा आला. त्याच्यासाठी सी-डॅकने ‘परमनेट’ हे अंतर्गत जाळे स्वतः घडवले होते. प्रोसेसर कितीही वेगवान असला तरी शेजाऱ्याचे उत्तर येईपर्यंत तो रिकामाच बसतो; म्हणून जाळे हा यंत्राचाच भाग मानावा लागतो.

पण एका खोलीतले जाळे निराळे आणि पुणे-दिल्ली निराळे. खोलीत निरोप पोचायला काही मायक्रोसेकंद लागतात. प्रकाशतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. समजा, पुण्याहून दिल्लीपर्यंतचा तंतू १,५०० किलोमीटर लांब आहे. मग जाऊन-येऊन ०.०१५ सेकंद झाले. हा वेळ क्षुल्लक वाटतो ना? ‘परम पद्म’मधील प्रोसेसरचे घड्याळ सेकंदाला १०० कोटी ठोके देई. म्हणजे एका प्रश्नाचे उत्तर येईपर्यंत दीड कोटी ठोके वाया! तंतू जाड केला, दुप्पट केला, तरी हा विलंब कमी होत नाही. पाट रुंद केल्याने पहिले पाणी टोकाला लवकर पोचत नाही, तसेच हे.

आता लांबचे उदाहरण घेऊ. जिनिव्हाजवळील ‘सर्न’ येथे प्रोटॉनांच्या टकरींतून मिळणारी माहिती जगभरच्या संगणक-केंद्रांत वाटली जाते. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था हे त्यांपैकी एक केंद्र. नेहमीच्या इंटरनेटवर माहितीची पाकिटे ‘टीसीपी’ या नियमावलीने जातात. पाठवणारा काही पाकिटे सोडतो आणि पोच येईपर्यंत थांबतो. मूळ नियमात पोच न येता जास्तीत जास्त ६५,५३५ बाइट सोडता येत. जाण्यायेण्याला ०.१५ सेकंद धरा. भागाकार केला तर वेग सेकंदाला जेमतेम ३५ लाख बिट निघतो. तंतूची क्षमता १०० कोटी बिट असली तरीसुद्धा! भलामोठा पाट कोरडा आणि मधून एक बारीक धार, अशी अवस्था.

ही मर्यादा १९९२ मध्ये नियमात दुरुस्ती करून उठवली गेली. तरी एक खोड उरली. एखादे पाकीट हरवले की टीसीपी वाटेत गर्दी आहे असे समजून वेग निम्मा करते आणि मग प्रत्येक फेरीला एकेक पाकीट वाढवते. आपल्या उदाहरणात पूर्ण वेगासाठी १,५०० बाइटांची १२,५०० पाकिटे वाटेत असावी लागतात. निम्म्यावरून पुन्हा तिथवर चढायला ६,२५० फेऱ्या, म्हणजे साडेपंधरा मिनिटांहून अधिक वेळ. एका पाकिटापायी एवढी शिक्षा! ग्रिडसाठी बनवलेल्या ‘ग्रिडएफटीपी’ पद्धतीने यावर साधी युक्ती काढली: एका प्रवाहाऐवजी दहा समांतर प्रवाह सोडायचे. एकाचे पाकीट हरवले तर तो एकच मंदावतो, बाकीचे नऊ चालूच. मला ही युक्ती फार आवडते, कारण तिच्यासाठी नवी तार टाकावी लागत नाही.

उरला पाळीचा प्रश्न. इंटरनेटवर सर्वांचा प्रवाह एकत्र वाहतो. तुमच्या वाट्याला किती येईल याची हमी नसते. ग्रिडला ते परवडत नाही. चार शहरांतले महासंगणक रात्री दहाला राखून ठेवले आणि माहिती पहाटे पोचली, तर उपयोग काय? म्हणून जाळ्यातील वाटही आगाऊ राखता यावी, अशी रचना करण्यात आली. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या ‘ईएसनेट’ जाळ्याने त्यासाठी ‘ऑस्कर्स’ ही व्यवस्था केली. कोठून कोठे, किती वहनक्षमता, केव्हापासून केव्हापर्यंत, असा अर्ज संगणकच करतो आणि मंजुरीही संगणकच देतो. नमुना नंबर ७ आणि शेजपाळी, दोन्ही काही क्षणांत! सर्नने आपल्या मुख्य केंद्रांसाठी तर स्वतंत्र प्रकाशतंतू-जाळेच ठेवले आहे.

एवढे करूनही प्रकाशाच्या वेगापुढे इलाज नाही. म्हणून ज्या गणितात क्षणाक्षणाला शेजाऱ्याला विचारावे लागते, उदाहरणार्थ हवामानाचा अंदाज, ते बहुधा एकाच महासंगणकावर सोडवतात. ग्रिडकडे जातात ती सुटी सुटी कामे. त्यांतही माहितीचे ढीग हलवण्याऐवजी, शक्य तेव्हा, छोटासा प्रोग्रॅमच माहिती जिथे साठवली आहे तिथे पाठवतात. तोडलेला ऊस पडून राहिला की उतारा घटतो. म्हणून कारखाना अकलूजला उभा राहिला, मुंबईला नव्हे.