एका स्पेसपायी

फायली आपोआप उडाल्या की पहिला संशय व्हायरसवर जातो. २०११ साली बम्बलबी बसवताना काहींच्या लिनक्सवरची '/यूएसआर' ही प्रोग्रामांची अख्खी डिरेक्टरी साफ झाली, तेव्हा व्हायरसचा काही संबंध नव्हता. दोन ग्राफिक्स चिपांचे लॅपटॉप लिनक्सवर नीट चालावेत म्हणून केलेला हा मुक्तस्रोत प्रकल्प. त्याच्या इन्स्टॉल स्क्रिप्टला एक फाइल काढायची होती: 'आरएम -आरएफ /यूएसआर/लिब/एनव्हिडिया-करंट/झॉर्ग/झॉर्ग'. टाइप करताना पहिल्या '/यूएसआर'नंतर एक स्पेस जास्त पडली. हुकूम वाचणाऱ्या शेलच्या लेखी स्पेसच्या अलीकडचं एक नाव, पलीकडचं दुसरं. दोन्ही उडवायची! स्क्रिप्ट रूटच्या, म्हणजे अ‍ॅडमिनच्या, अधिकारात चालत होती, त्यामुळे अडवणारं कोणी नव्हतं.

'सिस्टिम स्वतःच्या फायली जपतेच की' हा समज इथेच कोसळतो. एरवी हे काम परवानग्या करतात. रूटला त्या लागू नाहीत. आणि इथे कचरापेटीही मध्ये येत नाही.

'आता आरएम स्वतःच नकार देतं' हे मात्र अर्धं खरं आहे. लिनक्सवरचं ग्नूचं आरएम २००६ पासून नुसत्या '/'वर, म्हणजे सगळ्या फोल्डरांच्या मुळावर, चालायला नकार देतं. पण '/यूएसआर' दिलं तर निमूट पुसतं. '/*' दिलं तरी तेच, कारण आरएमच्या हाती पडण्याआधीच शेल तो तारा उलगडून एकेका डिरेक्टरीचं नाव पुढे करतं.

डिरेक्टरी गेली तरी मशीन लगेच कोसळेलच असं नाही, आणि त्यावरून पुष्कळजण फसतात. उघडी असलेली फाइल पुसली तरी ती बंद होईपर्यंत लिनक्स तिचा मजकूर सोडत नाही. चालू प्रोग्राम चालत राहतात. नवा उघडायला गेलं की खरं कळतं.

विंडोजवाल्यांनी हसू नये. डिसेंबर २००७ मध्ये 'ईव्ह ऑनलाइन' या गेमच्या अपडेटनं काही एक्सपी मशिनांवरची, विंडोज सुरू होताना लागणारी 'बूट.आयएनआय' फाइल पुसली. गेमचीही त्याच नावाची फाइल होती, पत्ता चुकला.

राहिला सगळ्यात पक्का समज: अ‍ॅडमिन न होता चालवलं की निर्धास्त. जानेवारी २०१५ मध्ये लिनक्सवरच्या स्टीम या गेमच्या दुकानाची स्क्रिप्ट गाजली. स्वतःचं फोल्डर शोधणं फसलं की तिचं व्हेरिएबल रिकामं राहायचं आणि हुकूम उरायचा 'आरएम -आरएफ /*'. त्या ओळीच्या वरच प्रोग्रामरनं 'स्केअरी!' अशी टीप लिहिली होती, म्हणजे भीती होती, तपासणी नव्हती. स्टीम साध्या खात्यातून चालत असल्यानं सिस्टिम वाचली, गेलं ते माणसाचं स्वतःचं सगळं. माझ्या मते हे नुकसान मोठं, कारण '/यूएसआर' पुन्हा बसवता येतं. तक्रार करणाऱ्याकडे बॅकअपही होता, तीन टेराबाइटच्या बाहेरच्या ड्राइव्हवर. तो '/मीडिया'खाली जोडलेलाच होता, आणि लिनक्सला तेही '/'खालचंच एक फोल्डर.