फ्लोराइडच्या आड दडलेले ॲल्युमिनिअम

गढूळ पाणी निवळण्यासाठी जलशुद्धीकरण केंद्रांत तुरटी किंवा तत्सम ॲल्युमिनिअमचे क्षार वापरतात, आणि पाणी गाळल्यानंतरही त्यांतील थोडे ॲल्युमिनिअम पाण्यात उरते. आय.एस. १०५०० या भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात त्याचे प्रमाण लिटरला ०.०३ मिलिग्रॅमपेक्षा, आणि दुसरा स्रोत उपलब्ध नसेल तर ०.२ मिलिग्रॅमपेक्षा, अधिक असू नये.

हे सूक्ष्म प्रमाण मोजण्याच्या एका प्रचलित पद्धतीत एरिओक्रोम सायनिन आर हा रंजक वापरला जातो. पाण्याचा सामू, म्हणजे आम्लता दर्शवणारा आकडा, ६ च्या आसपास स्थिर ठेवल्यास हा रंजक ॲल्युमिनिअमशी जोडला जाऊन गुलाबी ते लाल रंग देतो, आणि ५३५ नॅनोमीटर तरंगलांबीचा किती प्रकाश त्या द्रावणात शोषला जातो यावरून ॲल्युमिनिअम ठरवता येते. मात्र पाण्यातील इतर घटकही या रंगात ढवळाढवळ करतात. लोह आणि मँगनीज यांचा उपद्रव ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजेच क जीवनसत्त्व, घालून टाळता येतो. नमुन्याचा स्वतःचा रंग आणि गढूळपणा वजा करण्यासाठी त्याच नमुन्याच्या दुसऱ्या भागात ईडीटीए घालतात, कारण ते ॲल्युमिनिअमला घट्ट धरून ठेवते आणि त्यामुळे मागे उरणारा रंग शून्य म्हणून घेता येतो.

खरी चिंता आकडा फुगवणाऱ्या घटकांपेक्षा तो घटवणाऱ्यांची आहे, कारण फुगलेला आकडा निदान फेरतपासणीस भाग पाडतो, तर घटलेला आकडा पाहून पाणी निर्धोक मानले जाते. फ्लोराइड ॲल्युमिनिअमभोवती इतके पक्के बंध तयार करते की रंजकाच्या वाट्याला ते पुरेसे येतच नाही. याचे महत्त्व नालगोंडा पद्धतीत विशेष जाणवते. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने विकसित केलेल्या या पद्धतीत फ्लोराइडयुक्त पाण्यात तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर घालून फ्लोराइड गाळासोबत खाली बसवले जाते. म्हणजे ज्या पाण्यात तुरटीची मात्रा मोठी आणि म्हणून उरलेल्या ॲल्युमिनिअमची तपासणी अत्यावश्यक, नेमक्या त्याच पाण्यात थोडे फ्लोराइडही शिल्लक राहते.

यावर सोपा उपाय असा की नमुन्यातील फ्लोराइड आधी स्वतंत्रपणे मोजावे आणि तुलनेसाठी तयार केलेल्या ॲल्युमिनिअमच्या प्रमाण द्रावणांत तितकेच फ्लोराइड घालावे, म्हणजे दोन्हीकडील घट सारखीच राहते. मात्र फ्लोराइडची पातळी दर खेपेला बदलत असल्याने जुन्या मोजणीवर विसंबणे योग्य नाही. दुसरा मार्ग सल्फ्युरिक आम्लासह नमुना आटवून फ्लोराइड वाफेच्या रूपाने काढून टाकण्याचा आहे. ही वाफ घातक असल्याने ते काम धूरकक्षातच करावे लागते. नळांतील गंज रोखण्यासाठी वापरले जाणारे पॉलिफॉस्फेटही ॲल्युमिनिअमला बांधून ठेवते, पण आम्लासह तापवले की ते साध्या फॉस्फेटमध्ये तुटते आणि साधे फॉस्फेट थोडे असल्यास मोजणीत आडवे येत नाही.

कोणता घटक अडथळा आणत आहे हे ठाऊक नसतानाही अडथळा आहे की नाही एवढे ताडून पाहता येते. त्यासाठी नमुन्याच्या एका भागात ॲल्युमिनिअमची ज्ञात मात्रा घालून मोजणी करावी. घातलेल्या मात्रेइतकी वाढ आकड्यात दिसली नाही, तर मूळ नमुन्याचा आकडाही अहवालात तसाच नोंदवता येत नाही.