मेंदूच्या पेढीवरील मुनीम

जुन्या पेढीवर शेठजी गादीवर बसून सौदा ठरवीत. परंतु पेढीची पत टिकून राही ती मुनिमाच्या भरवशावर. रोकड मोजणे, खतावणी लिहिणे, कोणती हुंडी केव्हा वटवायची हे ध्यानात ठेवणे आणि जमाखर्चाचा मेळ बसल्यावाचून न उठणे, ही कामे तो मुकाट्याने करी. बँकेत आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्या माणसाला मेंदूविषयी वाचताना या मुनिमाची वारंवार आठवण होते.

मानवी मेंदूत विचार, स्मृती व हालचाल यांचे व्यवहार चालविणाऱ्या चेतापेशी सुमारे 86 अब्ज आहेत, अशी गणना ब्राझीलच्या शास्त्रज्ञ सुझाना हर्कुलानो-हौझेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केली. त्यांच्या सोबत जवळजवळ तितक्याच इतर पेशी असतात व त्यांत बहुसंख्य आधारपेशी असतात. जर्मन वैद्य रुडॉल्फ फिरखो यांनी 1856 मध्ये या भागाला ‘ग्लिया’, म्हणजे डिंक, असे नाव दिले. चेतापेशींना जागच्या जागी चिकटवून ठेवणे एवढेच त्याचे काम असावे, अशी तेव्हाची समजूत होती. आज ती समजूत मागे पडली आहे. या आधारपेशींपैकी ताऱ्यासारख्या फांद्या असलेल्या पेशींना ‘अ‍ॅस्ट्रोसाइट’ म्हणतात. आपण त्यांना तारकापेशी म्हणू.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे 2 टक्के. परंतु विश्रांतीतही शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे 20 टक्के प्राणवायू तो एकटा वापरतो. एवढ्या उलाढालीत थोडी गळती अटळ असते. पेशीच्या भट्टीत प्राणवायू जळताना त्याचे काही अंश अर्धवट राहतात व हाताला लागेल त्या वस्तूवर तुटून पडतात. उघड्यावर ठेवलेले तेल खवट होते, लोखंड गंजते, ते याच जातीच्या क्रियेने. मेंदूत स्निग्ध द्रव्य विपुल असल्याने त्याला या खवटपणाचे भय अधिक. शास्त्रज्ञ याला ऑक्सिडीकरणाचा ताण म्हणतात.

या ताणावर शरीराकडे असलेले प्रमुख गंगाजळीचे द्रव्य म्हणजे ग्लुटाथायोन. ते तीन अमिनो आम्लांपासून तयार होते व त्यांतील सिस्टीन हा दुर्मिळ घटक. चेतापेशीला हा कच्चा माल बाहेरून पुरेसा मिळविता येत नाही. तारकापेशी मात्र त्याचे जोडरूप आत ओढून घेते, ग्लुटाथायोन तयार करते आणि त्यातील काही बाहेर सोडते. तेथे त्याचे तुकडे होऊन सिस्टीन सुटे होते व चेतापेशी ते उचलून आपले ग्लुटाथायोन बनविते. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर चेतापेशी शेजाऱ्याच्या भांडवलावर धंदा करते.

मुनिमाची कामे एवढ्यावर संपत नाहीत. वापरून निकामी झालेले क जीवनसत्त्व तारकापेशी आत घेते व पुन्हा उपयुक्त करते. चेतापेशीत खवट झालेले स्निग्ध पदार्थ ती स्वतःकडे वळते करून घेते व जाळून टाकते. संकटाची चाहूल लागताच संरक्षक द्रव्यांचे उत्पादन वाढविणारी ‘एनआरएफ-2’ नावाची यंत्रणा तिच्यात जोमदार असते, चेतापेशीत दुबळी. प्रयोगशाळेत एकट्या वाढविलेल्या चेतापेशी हायड्रोजन पेरॉक्साइडच्या ज्या माऱ्याने मरतात, तो मारा तारकापेशींच्या सहवासात त्या पुष्कळ अंशी सोसतात.

तर मग ‘अँटिऑक्सिडंट’ गोळ्या घेतल्या की काम भागले, असे कोणाला वाटेल. बाजारात अशा डब्यांना तोटा नाही. परंतु तोंडाने घेतलेल्या ग्लुटाथायोनचा बराचसा भाग आतड्यातच मोडतो आणि रक्तातून मेंदूत जाण्याच्या वाटेवर कडक पहारा असतो. अमेरिका व कॅनडात पार्किन्सनच्या 800 रुग्णांवर ‘डॅटाटॉप’ ही मोठी चाचणी झाली. मोठ्या मात्रेतील ई जीवनसत्त्वाने रोगाची वाटचाल मंदावत नाही, असा तिचा निष्कर्ष 1993 मध्ये प्रसिद्ध झाला. सारांश, बाहेरून रोकड ओतून मुनिमाची उणीव भरून निघत नाही.

हा मुनीमच जन्मतः अपुरा असेल तर काय होते, याचे उदाहरण दूरचे नाही. आपण काशीमीरा-भाईंदरकर ज्या पश्चिम रेल्वेने रोज दक्षिण मुंबई गाठतो, तिच्या मरीन लाइन्स स्थानकाजवळच बॉम्बे हॉस्पिटल आहे. तेथील मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. भीमसेन सिंघल यांच्यापुढे काही विलक्षण बालरुग्ण आले. पहिल्या वर्षातच डोके प्रमाणाबाहेर मोठे, चालणे उशिरा व पुढे हळूहळू अडखळते, मधूनमधून फिट, डोक्याला किरकोळ मार लागला तरी प्रकृती ढासळणे, बुद्धी मात्र बराच काळ तुलनेने शाबूत. डॉ. सिंघल, डॉ. गुरसहानी, डॉ. उदानी व डॉ. बिनिवाले यांनी हे निरीक्षण 1991 मध्ये मांडले व 1996 मध्ये सविस्तर प्रसिद्ध केले. यांतील बहुतेक मुले एकाच व्यापारी समाजातील, अगरवाल समाजातील, होती. 1995 मध्ये नेदरलँड्सच्या डॉ. मार्यो व्हान डर क्नाप यांनीही हाच विकार वर्णिला. त्याचे लांबलचक नाव संक्षेपाने ‘एमएलसी’ असे घेतात.

2001 मध्ये त्याचे जनुक सापडले. त्यावरून बनणारे प्रथिन तारकापेशींच्या, रक्तवाहिन्यांना वेढणाऱ्या टोकांशी असते. म्हणजे दोष चेतापेशीत नव्हे, मुनिमात! येथील बिघाड ऑक्सिडीकरणाच्या हिशेबाचा नसून पाणी व क्षार यांच्या हिशेबाचा आहे; तो चुकल्याने मेंदूचा पांढरा भाग सुजतो. भारतीय रुग्णांत बहुधा तोच एक बदल आढळला, जनुकाच्या लिखाणात एक अक्षर जास्तीचे. कित्येक पिढ्यांपूर्वीच्या एका पूर्वजापासून तो समाजात पसरला असावा, असा अर्थ तज्ज्ञांनी लावला.

हे वाचून कोणी त्या समाजाकडे बोट दाखवू नये. जे समाज पिढ्यान्‌पिढ्या आपसातच सोयरीक करतात, त्या प्रत्येकात असा एखादा जुना बदल दडलेला असू शकतो. आपणही त्याच पद्धतीचे पाईक आहोत. ‘गोत्र टाळले म्हणजे झाले’ हा समजही अपुरा आहे. गोत्र टाळल्याने जवळचे नाते टळते. सर्व समाजात पसरलेला बदल टळत नाही.

त्याचे गणित सोपे आहे. ज्याच्याजवळ बदललेली एकच प्रत आहे, तो वाहक. तो स्वतः पूर्ण निरोगी असतो. एक जोडीदार वाहक व दुसरा मुक्त असेल, तर मुलाला हा विकार होत नाही. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेत विकाराची शक्यता चारात एक. ही शक्यता दरवेळी नव्याने सुरू होते; पहिले मूल आजारी झाले म्हणून पुढची तीन सुखरूप, अशी शिल्लक पुढे ओढली जात नाही.

म्हणून वाचकांना नम्र विनंती. बाळाच्या डोक्याचा घेर प्रत्येक तपासणीत मोजून घ्यावा. तो भराभर वाढत असेल तर ‘आमच्याकडे सगळ्यांचीच डोकी मोठी’ म्हणून स्वस्थ बसू नये. घराण्यात असे मूल असेल तर ते लपवू नये. जनुकीय समुपदेशकाचा सल्ला घेऊन भावंडांची व विवाहयोग्य नातलगांची रक्तचाचणी करावी. गर्भावस्थेतही चाचणी करता येते. परंतु अहिंसा मानणाऱ्या आपल्या घरांत त्यानंतरचा निर्णय किती जड होतो, हे सांगावयास नको. तो प्रसंग टाळण्याची वेळ साखरपुड्यापूर्वीची आहे.

कर्ज देताना आपण दोन्ही पक्षांची कागदपत्रे पाहतो आणि त्यात कोणाचा अपमान मानीत नाही. परिचय मेळाव्यात बायोडाटा देताना शिक्षण, व्यवसाय, उंची, गोत्र सारे लिहितो. ज्या घरात पूर्वी असा आजार झाला आहे, त्यांनी त्याचीही एक ओळ विश्वासाने सांगावी आणि ऐकणाऱ्याने ती सौजन्याने ऐकावी. सांगणाऱ्याची सोयरीक मोडू लागली, तर उद्या कोणीच सांगणार नाही आणि त्याची किंमत एखादे अजाण बालक मोजील.