मांडणी आणि निवड



मोजायला आपण अगदी लहानपणी शिकतो. बोरे, गोट्या, पाने, पैसे, सारे काही मोजतो. या वस्तू डोळ्यांसमोर असतात, त्यामुळे मोजणे सोपे जाते. पण काही वेळा वस्तू मोजायच्या नसतात. एखादी गोष्ट 'किती प्रकारे' करता येईल, हे मोजायचे असते. हे प्रकार डोळ्यांना दिसत नाहीत, ते विचारानेच मोजावे लागतात. या पाठात आपण अशा मोजणीची ओळख करून घेऊ.

सुरुवात प्रवासापासून करू. समजा, तुम्हाला देवळाली प्रवराहून अहिल्यानगरला जायचे आहे. आधी राहुरी फॅक्टरीपर्यंत पोचायचे. तिथे पायी, सायकलने किंवा रिक्षाने जाता येते, म्हणजे तीन प्रकार झाले. तिथून पुढे एसटी किंवा जीप, हे दोन प्रकार. मग संपूर्ण प्रवासाचे प्रकार किती? पायी गेलात तर पुढे दोन, सायकलने गेलात तर पुढे दोन आणि रिक्षाने गेलात तरी पुढे दोनच. एकूण ३ × २ = ६.

आता दोन छोटे शब्द नीट लक्षात ठेवा : 'किंवा' आणि 'आणि'. पायी किंवा सायकलने किंवा रिक्षाने, असे म्हटले की बेरीज होते. आधी हे आणि नंतर ते, असे म्हटले की गुणाकार होतो. या पाठातील सारे गणित या दोन शब्दांवर उभे आहे. उर्दूत तुम्ही 'या' आणि 'और' म्हणता, तेच हे शब्द.

मांडणी

तुमच्याकडे उर्दू, मराठी आणि गणित अशी तीन पुस्तके आहेत. ती फळीवर ओळीने लावायची आहेत. पहिल्या जागेवर तिन्हींपैकी कोणतेही पुस्तक ठेवता येईल. एक ठेवले की दुसऱ्या जागेसाठी दोन उरतात. तिसऱ्या जागेसाठी एकच उरते. म्हणून मांडण्या ३ × २ × १ = ६ होतात. पुस्तके चार असतील तर ४ × ३ × २ × १ = २४. पाच असतील तर १२०. एखाद्या संख्येपासून एकपर्यंत उतरत जाणाऱ्या अशा गुणाकाराला क्रमगुणित म्हणतात.

या संख्या किती झपाट्याने वाढतात, ते पाहा. दहा पुस्तकांच्या मांडण्या ३६,२८,८०० होतात. दर मिनिटाला एक मांडणी करायची, रात्रंदिवस थांबायचे नाही, असे ठरवले तरी हे काम संपायला २,५२० दिवस, म्हणजे जवळजवळ सात वर्षे लागतील. आज पाचवीत असलेला मुलगा तोवर बारावीत पोचेल! पुस्तके मात्र दहाच.

हा ३६,२८,८०० चा आकडा आपल्या भूमीत फार पूर्वी मोजला गेला आहे. भास्कराचार्य हे थोर गणिती इ. स. १११४ मध्ये जन्मले. त्यांनी ११५० मध्ये 'लीलावती' हा ग्रंथ लिहिला. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे एक शिलालेख आहे. त्यात त्यांच्या घराण्याची माहिती कोरलेली आहे. त्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केला, हेही त्या लेखातून कळते. लीलावतीच्या शेवटी 'अंकपाश' नावाचे प्रकरण आहे. तिथे भास्कराचार्य विचारतात, शंकराच्या दहा हातांतील दहा वस्तूंची अदलाबदल केली तर किती वेगवेगळ्या मूर्ती होतील? उत्तर तेच, ३६,२८,८००. चार हातांच्या विष्णूच्या मूर्ती किती, असाही प्रश्न आहे. त्याचे उत्तर तुम्ही आता स्वतःच सांगू शकाल.

याच प्रकरणात आणखी एक बारीक प्रश्न येतो. २, २, १, १ या अंकांच्या किती संख्या होतील? चार अंक आहेत, म्हणून घाईने २४ म्हणू नका. दोन्ही २ सारखेच आहेत. त्यांची आपसांत जागा बदलली तरी संख्या तीच राहते. दोन्ही १ चेही तसेच. म्हणून २४ ला आधी २ ने आणि पुन्हा २ ने भागायचे. उत्तर ६ येते. त्या संख्या अशा : २२११, २१२१, २११२, १२२१, १२१२, ११२२. एकच गोष्ट दोनदा मोजली गेली असेल तर भागाकार करून ती दुरुस्त करायची, ही युक्ती आपल्याला पुढेही लागणार आहे.

पुढे मुघल काळात अकबर बादशहाच्या आज्ञेवरून त्याच्या दरबारातील कवी फैजी याने १५८७ मध्ये लीलावतीचा फारसीत अनुवाद केला. अशा रीतीने एकाच पुस्तकातील गणित संस्कृत जाणणाऱ्यांपर्यंत पोचले आणि फारसी जाणणाऱ्यांपर्यंतही पोचले.

अक्षरांचा खेळ

मांडणीचे गणित केवळ अंकांसाठी नाही. आठव्या शतकात बसरा शहरात खलील बिन अहमद नावाचे भाषापंडित होऊन गेले. त्यांना अरबी भाषेचा कोश तयार करायचा होता. एकही शब्द सुटू नये, यासाठी काय करावे? त्यांनी मूळ अक्षरे घेतली आणि त्यांच्या सर्व मांडण्या एकत्र पाहिल्या. तीन अक्षरांच्या सहाच मांडण्या होतात. सहाही तपासल्या की काही सुटण्याची भीती उरत नाही. त्या कोशाचे नाव 'किताब-उल-ऐन'.

दहाव्या शतकातील इब्न जिन्नी या भाषापंडिताने काफ, लाम, मीम या अक्षरांच्या सहा मांडण्या तपासल्या. त्यांतल्या पाच अरबीत वापरात आहेत आणि लाम-मीम-काफ ही एकच वापरात नाही, असे त्याने नोंदवले. यातल्या तीन मांडण्या तर तुमच्या रोजच्या उर्दूत आहेत. क-ल-म पासून कलाम आणि कलिमा, क-म-ल पासून कमाल आणि कामिल, म-ल-क पासून मुल्क आणि मालिक.

पण थांबा! लिहायच्या 'कलम'ला या यादीत बसवू नका. मराठीत 'कलाम' आणि 'कलम' यांचा 'क' एकच दिसतो. उर्दूत मात्र कलाममध्ये छोटा काफ आहे आणि कलममध्ये बडा काफ. ही दोन वेगळी अक्षरे आहेत. मोजण्याआधी कोणत्या वस्तू सारख्या आणि कोणत्या वेगळ्या, हे ठरवावे लागते, ते असे. ते ठरवले नाही तर पुढचा गुणाकार कितीही बरोबर केला तरी उत्तर चुकते.

निवड

आता दुसऱ्या प्रकाराकडे वळू. समजा, सलमा, नाझिया, रुबीना, हीना आणि यास्मिन या पाच मुली खेळात चांगल्या आहेत. त्यांच्यातून एक कर्णधार आणि एक उपकर्णधार नेमायची आहे. कर्णधार पाचांपैकी कोणीही, उपकर्णधार उरलेल्या चौघींपैकी कोणीही. म्हणून ५ × ४ = २० प्रकार होतात.

पण स्पर्धेला नुसत्या दोघी पाठवायच्या असतील तर? मग 'सलमा आणि हीना' काय अन् 'हीना आणि सलमा' काय, जोडी एकच. वरच्या वीसमध्ये प्रत्येक जोडी दोनदा मोजली गेली आहे. म्हणून वीसला दोनने भागायचे. जोड्या १० होतात. क्रमाला महत्त्व असेल तर ती मांडणी आणि क्रमाला महत्त्व नसेल तर ती निवड. गणित सोडवण्यापूर्वी स्वतःला हा एकच प्रश्न विचारा : क्रम बदलला तर काही फरक पडतो का?

पाचांतून तिघी निवडायच्या असतील तर? ५ × ४ × ३ = ६०. तिघींचे आपसांतले क्रम ६. म्हणून ६० ÷ ६ = १०. पुन्हा दहाच! याचे कारण सोपे आहे. तिघींना पाठवणे म्हणजे दोघींना मागे ठेवणे. जितक्या प्रकारे दोघी मागे राहतील, तितक्याच प्रकारे तिघी जातील.

मोजणी आणि न्याय

तुम्ही म्हणाल, दोघींना पाठवायचे तर एवढे गणित कशाला? चिठ्ठ्या टाकल्या की झाले. बरे, टाकू चिठ्ठ्या. प्रत्येक जोडीची एक, अशा दहा चिठ्ठ्या लिहू. दहापैकी चार चिठ्ठ्यांवर सलमाचे नाव येईल, कारण तिची जोडी उरलेल्या चौघींशी होते. इतर प्रत्येकीचे नावही चारच चिठ्ठ्यांवर येईल. सर्वांना समान संधी मिळाली.

आता समजा, चिठ्ठ्या घाईघाईत लिहिल्या आणि सलमा-हीना ही जोडी राहून गेली. चिठ्ठ्या नऊच झाल्या. कोणाच्या लक्षात आले नाही. मग सलमा आणि हीना यांची नावे नऊपैकी तीनच चिठ्ठ्यांवर राहतात, तर इतर तिघींची नावे नऊपैकी चार चिठ्ठ्यांवर आहेत. कोणी लबाडी केली नाही, कोणाचा हेतू वाईट नव्हता, चिठ्ठी उचलणाऱ्याने तर डोळेही मिटले होते. तरीही दोन मुलींवर अन्याय झाला आणि तो कोणाला दिसलाही नाही. चिठ्ठ्या दहा हव्यात, हे ज्याला आधीच मोजता येते, तोच हा अन्याय थांबवू शकतो. म्हणून न्याय करणाऱ्याने आधी सर्व प्रकार मोजावेत.

शेतातील गणित

आपल्या राहुरी तालुक्यात महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. ते १९६८ मध्ये स्थापन झाले. पिकांचे नवे वाण तयार करताना शास्त्रज्ञ दोन वाणांचा संकर करतात. समजा, एखाद्या पिकाचे आठ वाण हाताशी आहेत आणि प्रत्येक दोन वाणांचा संकर करून पाहायचा आहे. संकर किती होतील? ८ × ७ ÷ २ = २८. पण कोणत्या वाणाचे झाड मादी म्हणून वापरले आणि कोणत्याचे परागकण घेतले, यानेही फरक पडत असेल, तर क्रमाला महत्त्व आले. मग संकर ५६ होतात. बारा वाण घेतले तर ६६ किंवा १३२.

कागदावर हे आकडेच आहेत. शेतात मात्र प्रत्येक संकरासाठी वेगळा वाफा, पाणी, मजूर आणि पूर्ण हंगाम लागतो. २८ वाफ्यांची तयारी केली आणि पेरणीच्या वेळी ५६ लागतात असे कळले, तर वर्ष वाया जाते. म्हणून इथे आधी गणित, मग नांगर.

चव आणि शीरखुर्मा

शेवटी एक गोड उदाहरण घेऊ. शीरखुर्म्यासाठी घरात खारीक, काजू, बदाम, पिस्ता, चारोळी आणि मनुका असे सहा जिन्नस आहेत. त्यांतले काही किंवा सगळे घालायचे आहेत. किती प्रकारचा शीरखुर्मा होईल? एक-एक घालून ६, दोन-दोन घालून १५, तीन-तीन घालून २०, चार घालून १५, पाच घालून ६ आणि सगळे घालून १. बेरीज ६३.

हेच उत्तर दुसऱ्या वाटेनेही मिळते. प्रत्येक जिन्नसाबाबत दोनच पर्याय आहेत, घालायचा किंवा नाही. म्हणून २ × २ × २ × २ × २ × २ = ६४. यात काहीच न घालण्याचा एक प्रकार आहे. तो वजा केला की ६३. दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर आले की ते बरोबर असल्याची खात्री पटते. भास्कराचार्यांनी लीलावतीत गोड, तिखट, तुरट, आंबट, खारट आणि कडू या सहा चवींचा असाच प्रश्न घातला आहे. त्याचेही उत्तर ६३ आहे. आठ दारांच्या राजवाड्याचाही प्रश्न तिथे आहे. एक, दोन, तीन असे करत दारे किती प्रकारे उघडता येतील? हे उत्तर तुमच्यासाठी सोडतो. मात्र ते दोन्ही वाटांनी काढून पाहा.

मित्रांनो, या गणिताला पाठांतर फारसे लागत नाही. प्रश्न शांतपणे वाचावा लागतो. 'आणि' आहे की 'किंवा'? क्रम महत्त्वाचा आहे की नाही? वस्तू सारख्या आहेत की वेगळ्या? काही दोनदा मोजले गेले का? काही सुटले का? हे पाच प्रश्न विचारण्याची सवय लागली, की गणिताच्या तासाबाहेरही ती तुमच्या उपयोगी पडेल.

सोडवून पाहा

१. तीन चाकांच्या कुलपात प्रत्येक चाकावर ० ते ९ अंक आहेत. कुलपाचे एकूण किती आकडे होतील? तिन्ही अंक वेगवेगळे हवेत, असे ठरवले तर किती?

२. ईदच्या दिवशी सहा मैत्रिणी एकमेकींना गळाभेट देतात. एकूण किती गळाभेटी होतील? त्यांनी एकमेकींना एकेक ईदकार्ड दिले, तर किती कार्डे लागतील? दोन्ही उत्तरे वेगळी का येतात?

३. आपल्या वर्गातील चार मुलांची नावे घ्या. त्यांच्यातून दोघांच्या सर्व जोड्या लिहा. प्रत्येकाचे नाव सारख्याच वेळा आले आहे ना, ते तपासा.

४. उर्दूतील तीन अक्षरे घ्या. त्यांच्या सहा मांडण्या करा. त्यांतून किती अर्थपूर्ण शब्द मिळतात, ते शोधा आणि त्यांचे मराठी अर्थ लिहा.