वाकडी रेषा, सरळ प्रतल

य = क्ष² हा अन्वस्त घ्या. त्यावरचा प्रत्येक बिंदू एक घर पुढे सरकवा. अख्खं प्रतलही सोबत सरकतं: क्ष होतो क्ष+१, य होतो य+२क्ष+१. हा अन्वस्त म्हणजे प्रतलात वाकवून बसवलेली रेषाच. पण रेषा याहून वेडीवाकडी बसवली तर?

१९७५ साली गणितज्ञ श्रीराम अभ्यंकर आणि मोह यांनी सिद्ध केलं, की संमिश्र प्रतलात बहुपदींनी बसवलेली, स्वतःला न छेदणारी, अणकुची नसलेली कोणतीही रेषा उलटवता येणाऱ्या बहुपदी रूपांतराने सरळ होतेच. मग तिची प्रत्येक सममिती प्रतलभर पसरते. मला भुरळ पडते ती कोटींची, म्हणजे बहुपदीतल्या सर्वात मोठ्या घातांकांची: क्ष आणि य देणाऱ्या दोन्ही बहुपदी स्थिर नसतील, तर एकीची कोटी दुसरीच्या कोटीला भागते. कोटी २ आणि ३? अणकुची किंवा छेद ठरलेलाच! (सुझुकींनी रेषेचा सिद्धांत १९७४ मध्ये स्वतंत्रपणे दाखवला होता.) पुण्यात १९७६ साली भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापणारे अभ्यंकर ते हेच.