कार्ब्युरेटरमधील फ्लोटची उंची व इंधनपातळी

मोटारसायकलच्या कार्ब्युरेटरच्या तळाशी असलेल्या भांड्यात पेट्रोल ज्या उंचीपर्यंत साठून राहते, तिला इंधनपातळी म्हणतात. ही पातळी फ्लोट नावाचा पोकळ किंवा सच्छिद्र तरंगता भाग आणि त्याला जोडलेली सुईची झडप यांच्या साहाय्याने कायम राखली जाते. फ्लोटची उंची आणि इंधनपातळी हे शब्द बोलताना एकाच अर्थाने वापरले जात असले, तरी त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फ्लोटची उंची हे धातूच्या भागांमधले कोरडे अंतर असते, तर इंधनपातळी ही भांड्यातील प्रत्यक्ष पेट्रोलची उंची असते. इंजिनाला प्रत्यक्षात फरक पडतो तो दुसरीमुळे.

कार्य

गच्चीवरील पाण्याच्या टाकीतला बॉलकॉक आणि कार्ब्युरेटरमधील फ्लोट यांचे तत्त्व एकच आहे. पेट्रोल भरू लागले की फ्लोट वर उचलला जातो, त्याच्या बिजागरीजवळची छोटी पट्टी सुईला वर ढकलते आणि सुई आपल्या बैठकीत बसून प्रवाह बंद करते. इंजिनाने पेट्रोल ओढले की फ्लोट खाली येतो व झडप पुन्हा उघडते. वाहन चालू असताना ही क्रिया अखंड चालते. कार्ब्युरेटरमध्ये थ्रॉटलला जोडलेली आणखी एक सुई असते. तिचा या झडपेशी संबंध नाही. परंतु कारागीर दोहोंना ‘नीडल’च म्हणत असल्याने नवख्याचा घोटाळा होतो.

जेटमधून पेट्रोल वर चढते ते कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून वेगाने वाहणाऱ्या हवेमुळे निर्माण होणाऱ्या कमी दाबाच्या जोरावर. पेट्रोलची पातळी नोझलच्या तोंडापेक्षा काही मिलिमीटर खाली ठेवलेली असते आणि एवढी उंची त्या दाबाला चढून जावी लागते. पेट्रोल १ मिमी वर उचलण्यास सुमारे ७ पास्कल दाब लागतो. पूर्ण थ्रॉटलला गळ्यातील दाबाची घट मोठी असल्याने पातळी १-२ मिमी चुकली तरी मिश्रणावर होणारा परिणाम तुलनेने कमी असतो. थ्रॉटल थोडाच उघडा असताना ही घट अल्प असते, म्हणून तेवढीच चूक ठळकपणे जाणवते. शहरातील वाहतुकीत धक्के देणारी गाडी मोकळ्या रस्त्यावर सुरळीत धावते, यामागे अनेकदा हेच कारण असते. मात्र पायलट जेटमध्ये कचरा अडकल्यासही लक्षण असेच दिसते.

जर्मन अभियंता विल्हेल्म मायबाख याने १८९३ साली तयार केलेल्या फवारा पद्धतीच्या कार्ब्युरेटरात फ्लोटच्या साहाय्याने पातळी स्थिर राखून नोझलमधून पेट्रोल सोडण्याची योजना होती. पुढील शतकभरातील बहुसंख्य कार्ब्युरेटर याच मांडणीवर आधारलेले आहेत.

पातळी चुकल्याची लक्षणे

पातळी वाढल्यास मिश्रणात पेट्रोल अधिक होते. स्पार्क प्लगवर काळी काजळी धरते, गाडीचे ॲव्हरेज घटते, तापलेले इंजिन पुन्हा चालू होण्यास त्रास देते आणि ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल ठिबकते. ठिबकणारे पेट्रोल निदान डोळ्यांना दिसते. अधिक धोकादायक असते ते गळ्यातून आत, सिलिंडरमध्ये उतरणारे पेट्रोल. चार-स्ट्रोक इंजिनात ते पिस्टनच्या कडांवरून झिरपून ऑइलमध्ये मिसळते. ऑइल पातळ होते व त्याची वंगणक्षमता जाते. सिलिंडरमध्ये द्रव पेट्रोल साचलेले असताना किक मारल्यास द्रव दाबला जात नसल्याने कनेक्टिंग रॉड वाकूही शकतो. रात्री गाडी लावताना पेट्रोल कॉक बंद करण्याची जुनी सवय याच कारणाने योग्य आहे. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल किंवा त्याची पातळी आपोआप वाढलेली दिसली, तर इंजिन चालू न करता आधी ऑइल बदलावे लागते.

पातळी कमी असल्यास थ्रॉटल एकदम उघडताच इंजिन क्षणभर अडखळते, प्लग पांढरट दिसतो व इंजिन अधिक तापते. दोन-स्ट्रोक इंजिनात ऑइल पेट्रोलमध्ये मिसळूनच टाकले जात असेल, तर कमी पेट्रोल म्हणजे कमी वंगणही. अशा वेळी पिस्टन जाम होण्याची शक्यता असते.

मोजणी व जुळवणी

घरी हे काम करता येते. परंतु ते घराच्या आत करू नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि शून्याखाली सुमारे ४० अंश सेल्सियस तापमानालाही पेट घेण्याइतकी तयार होते. बंद खोलीतून ही वाफ स्वयंपाकघरातल्या शेगडीपर्यंत किंवा देव्हाऱ्यातल्या समईपर्यंत सहज पोहोचू शकते.

फ्लोटची उंची मोजण्यासाठी कार्ब्युरेटर उतरवून, भांडे व गॅस्केट काढून तो उलटा धरतात. बहुतेक सुयांच्या टोकाला स्प्रिंगवरची बारीक पिन असते. पूर्ण उलट्या स्थितीत फ्लोटच्या वजनाने ती दबते आणि माप चुकते, म्हणून कार्ब्युरेटर तिरपा करून पट्टी पिनला नुसती टेकेल इतक्याच स्थितीत ठेवतात. मग गॅस्केटच्या सपाट कडेपासून फ्लोटच्या सर्वांत दूरच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर व्हर्निअरने घेतात. योग्य अंक त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. दुसऱ्या गाडीचा अंक चालत नाही. काही मिकुनी कार्ब्युरेटरांत दोन सुटे फ्लोट असतात व तेथे उंचीऐवजी त्यांना उचलणारा दांडा कडेला समांतर आहे की नाही, हे पाहतात.

येथे होणारी नेहमीची चूक दिशेची आहे. उलट्या कार्ब्युरेटरवर घेतलेले माप वाढले, तर पातळी वाढत नाही. ती कमी होते. माप मोठे असणे म्हणजे सरळ स्थितीत झडप मिटते त्या क्षणी फ्लोट अधिक खाली असणे, अर्थात पेट्रोल लवकर थांबणे. अनेक जण मिश्रणात पेट्रोल वाढवण्यासाठी हे माप वाढवतात आणि दोष दुप्पट करून ठेवतात.

बदल करायचा तो पट्टी किंचित वाकवून, दर वेळी पुन्हा मोजत. फ्लोटवर दाब देऊन वाकवल्यास सुईचे टोक बैठकीत रुतते. पूर्णपणे प्लॅस्टिकच्या साच्यातून काढलेल्या कित्येक फ्लोटना वाकवण्याजोगी पट्टीच नसते. त्यांचे माप चुकले तर भाग बदलणे हाच मार्ग उरतो.

प्रत्यक्ष पातळी पाहण्यासाठी भांड्याच्या निचऱ्याच्या तोंडाला पारदर्शक नळी लावून ती कार्ब्युरेटरच्या बाजूने उभी धरतात आणि निचऱ्याचा स्क्रू सैल करतात. जोडलेल्या भांड्यांतील द्रव एका पातळीत येतो, या नियमाने नळीतील पेट्रोल आतली पातळी दाखवते. गाडी साइड स्टँडवर नव्हे, तर सरळ उभी हवी. नळी फार बारीक असल्यास पेट्रोल तिच्यात आपोआप वर चढते. वाचनानंतर नळी खाली-वर हलवली तर नवा अंक विश्वसनीय राहत नाही. सुईची गळती, जड झालेला फ्लोट, बैठकीखालचा चुकीचा वॉशर असे सर्व दोष या एका मापात उतरतात, त्यामुळे शेवटचा निर्णय कोरड्या अंतरावर न ठेवता याच मापावर ठेवणे श्रेयस्कर ठरते.

खरे तर पट्टी वाकवण्याची गरज क्वचितच पडते. कारखान्यात बसवलेली पट्टी आपोआप वाकत नाही. झिजते ती सुई. तिच्या टोकाच्या निमुळत्या भागावर गोल खाच उमटलेली दिसल्यास ती बदलावी. पितळी फ्लोट कानाजवळ हलवून आत पेट्रोल खळखळते का, हेही आधी पाहावे. असा फ्लोट डाख देऊन दुरुस्त करणे म्हणजे आतील वाफेला ज्योत दाखवणे होय. शिवाय डाखाच्या वजनाने तो पूर्वीइतका तरंगत नाही.

इथेनॉल आणि आजची स्थिती

भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ निकष लागू झाल्यानंतर बहुतेक नव्या मोटारसायकलींत कार्ब्युरेटरची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली. जुन्या गाड्यांत आता २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल भरले जाते. इथेनॉलची घनता पेट्रोलपेक्षा थोडी अधिक असल्याने फ्लोट किंचित वर तरंगतो व पातळी अगदी थोडी घटते. हा परिणाम नगण्य आहे. मोठा फरक हवेच्या प्रमाणात पडतो. साध्या १ किलो पेट्रोलला जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते, तर या मिश्रणाला सुमारे १३.५ किलो. तेवढ्याच हवेला अधिक इंधन हवे असल्याने जुन्या जेटवर मिश्रण विरळ होते. ही उणीव फ्लोट वर-खाली करून भरून काढण्याचा प्रयत्न बऱ्याचदा होतो, पण ते काम जेटचे आहे. इथेनॉल जुन्या रबरी भागांना फुगवते व ओलावा शोषते. म्हणून दीर्घकाळ उभ्या राहणाऱ्या गाडीचे भांडे रिकामे करून ठेवतात.