प्लेगच्या साली केसांचा टोप

1665चा जून. इकडे पुरंदरचा तह झाला त्याच महिन्यात लंडनच्या ड्रुरी लेनमध्ये सॅम्युएल पीप्सला दोन-तीन घरांच्या दारांवर तांबडे क्रूस रंगवलेले दिसले. आत प्लेगचा रोगी आहे, अशी ती खूण. पीप्स इतका हबकला की त्याने तंबाखू विकत घेऊन हुंगली, चघळली. तंबाखूने रोग लांब राहतो, असा तेव्हा समज होता. मग हे सगळं त्याने रोजनिशीत टिपून ठेवलं.

पीप्स आरमाराच्या कचेरीत वरच्या हुद्द्यावर होता, वय 32. रोजनिशी 1660पासून सुरू होती, तीही लघुलिपीत. मुंबई बेटाच्या व्यवहारात पोर्तुगीजांनी इंग्रजांना फसवलं, ही 1663मधली ऐकीव तक्रारही तीत आहे. त्याच्या वह्या केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजात पडून राहिल्या. लघुलिपी उलगडून त्यांतला निवडक मजकूर छापून आला तो थेट 1825मध्ये.

याच साथीवरचं कादंबरीकार डॅनियल डिफोचं पुस्तक 1722चं. साथीच्या वेळी डिफो जेमतेम पाच वर्षांचा होता. त्याच्या निवेदकाला साथ कधी ओसरली, हे माहीत आहे. पीप्सला उद्याचंही माहीत नाही. 2020मध्ये कोविडमुळे घरात अडकलेल्या वाचकाला पीप्स जवळचा वाटला तो म्हणूनच.

आकड्यांचंच घ्या. लंडनमध्ये दर आठवड्याला मृतांचं पत्रक निघे आणि पीप्स ते बारकाईने वाची. ऑगस्टअखेरच्या पत्रकात एकूण मृत्यू 7,496, त्यांतले प्लेगचे 6,102. पण त्याचा त्यावर विश्वास नाही. मृतांचा खरा आकडा 10,000च्या घरात असावा, असं तो लिहितो. गरिबांची नोंद कोणी ठेवत नाही आणि क्वेकर पंथाचे लोक मृतासाठी घंटा वाजवू देत नाहीत, त्यामुळे त्यांचे मृत्यू मोजले जात नाहीत, ही त्याची कारणं. आपल्याकडे 2021मध्ये स्मशानातल्या रांगा आणि सरकारी आकडे यांचा मेळ घालू पाहणाऱ्या कोणालाही हा हिशेब वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

3 सप्टेंबरची नोंद तर मुद्दाम वाचावी अशी. सकाळी पीप्स रंगीत रेशमी पोशाख चढवतो, नवा केसांचा टोप घालतो. टोप घेतला तेव्हा वेस्टमिन्स्टरमध्ये प्लेग होता, म्हणून इतके दिवस तो घालायचा धीर झाला नव्हता. साथ सरल्यावर टोपांच्या फॅशनचं काय होणार, हीही चिंता आहेच. प्लेगने मेलेल्यांच्या डोक्यावरचे केस असतील, या भीतीने कोण विकत घेईल?

त्याच दिवशी लंडनजवळच्या ग्रिनिचमध्ये साथ रोखण्यासाठी भरलेल्या बैठकीत एक तक्रार येते. लंडनच्या रोगग्रस्त घरातून एका माणसाने लहान मूल पळवून आणलं आहे. चौकशीत कळतं, की मूल जीन-खोगीर बनवणाऱ्या एका कारागिराचं. बाकीची सगळी मुलं त्याने पुरली होती. तो आणि बायको घरात कोंडलेले, जगण्याची आशा सोडलेले. उरलेलं एक मूल तरी वाचावं, म्हणून त्यांनी ते नागडं करून मित्राच्या हाती दिलं. मित्राने त्याला नवे कपडे घातले आणि ग्रिनिचला आणलं. रोगग्रस्त घरातल्या कोणाला बाहेर सोडायचं नाही, हा नियम बैठकीतल्या मंडळींनी बाजूला ठेवला, मुलाला गावात राहू दिलं.

टोप आणि मूल, दोन्ही एकाच पानावर. पीप्सला त्यात काही विसंगत वाटत नाही.

2020मध्ये पीप्सच्या नावावर एक उतारा समाजमाध्यमांवर फिरला: दारूच्या गुत्त्यांत बेफिकीर तरुणांची गर्दी वगैरे. तो बनावट होता. त्यात राणीसाहेबांच्या शिपायांचा उल्लेख होता आणि 1665मध्ये गादीवर होता राजा दुसरा चार्ल्स. बनावट पीप्स बेफिकिरांकडे बोट दाखवणारा. खरा पीप्स अधूनमधून स्वतःच बेफिकीर.

1665च्या वर्षात लंडनमध्ये प्लेगचे 68,596 बळी नोंदले गेले. पीप्सचा डॉक्टरही गेला. तरी 31 डिसेंबरला हिशेब मांडताना तो लिहितो, की आपली मालमत्ता 1,300 पौंडांवरून 4,400वर गेली आणि इतक्या मजेत आपण कधीच राहिलो नव्हतो. डचांशी युद्ध चालू होतं, आरमाराच्या रसदीचं नवं काम त्याच्याकडे आलं होतं, काही पैसा तिथूनही. शहर पुन्हा भरतंय, दुकानं उघडताहेत, याचाही त्याला आनंद आहे. प्लेग असाच उतरत राहो, अशी तो प्रार्थना करतो आणि लगेच कारणही देतो: प्लेगमुळे दरबार शहराबाहेर आहे आणि त्यापायी सरकारी कामांचा विचका होतोय.